एकच कोटेशन, दोन राज्यांचे ग्राहक: डॉक्युमेंटमध्ये 'अट' कशी लावायची?



व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, इथे तेच शांतपणे वाचा आणि सोबत करून बघा.

आपला जिल्हा सीमेवरचा. पांढरकवड्याहून महामार्ग ४४ ने दक्षिणेला निघालं की पैनगंगा ओलांडून तेलंगणा लागतो. समजा तुमचं सीसीटीव्हीचं दुकान आहे. २०,००० रुपयांचा माल वणीला पोचवला तर सीजीएसटी १,८०० आणि एसजीएसटी १,८००. तोच माल आदिलाबादला पाठवला तर आयजीएसटी ३,६००. ग्राहकाला दोन्हीकडे २३,६०० च पडतात, म्हणून चूक लक्षातच येत नाही. पण कर चुकीच्या खात्यात भरला की योग्य खात्यात पुन्हा भरायचा आणि आधीच्याचा परतावा मागत बसायचं. छोट्या दुकानदाराचं भांडवल अडकतं ना! (कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही, हे आधी लक्षात घ्या.)

बरेच जण यासाठी दोन फाइली ठेवतात. मग एकीत रेट बदलतो, दुसरीत राहून जातो. त्यापेक्षा फाइल एकच ठेवा आणि तिला अट शिकवा.

लिबरऑफिस रायटरमध्ये (हे फुकट मिळतं)

१. कंट्रोल + एफ२ दाबा. 'व्हेरिएबल्स'मध्ये 'यूजर फील्ड' निवडा. नाव द्या स्टेट, किंमत २७. फॉरमॅट आकड्याचा ठेवा, टेक्स्टचा नको. मग इन्सर्ट. २७ हा जीएसटीत महाराष्ट्राचा कोड, तेलंगणाचा ३६.

२. कराच्या ओळीवर कर्सर ठेवा. 'फंक्शन्स'मध्ये 'कंडिशनल टेक्स्ट' निवडा. कंडिशन: स्टेट == २७. 'देन'मध्ये "सीजीएसटी ९% + एसजीएसटी ९%", 'एल्स'मध्ये "आयजीएसटी १८%". कंडिशन मात्र इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा. फील्डचं नाव वर जसं दिलं तसंच हवं.

३. आता पहिल्या फील्डवर डबल क्लिक करून २७ च्या जागी ३६ टाका, एफ९ दाबा. कराची ओळ आपोआप बदलेल.

अख्खा परिच्छेद लपवायचा असेल तर

"आदिलाबादपर्यंतचा वाहतूक खर्च वेगळा" ही अट वणीच्या ग्राहकाला कशाला दाखवायची? तो परिच्छेद सिलेक्ट करा, इन्सर्ट > सेक्शन, 'हाइड'वर टिक, आणि कंडिशन स्टेट == २७.

इथेच बहुतेकांची गफलत होते. ही अट 'कधी दाखवू' अशी नसते, 'कधी लपवू' अशी असते. अट खरी ठरली की मजकूर गायब! म्हणून तेलंगणाच्या परिच्छेदाला २७ ची अट.

मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरत असाल तर मेल मर्जमध्ये मेलिंग्ज > रूल्स > इफ देन एल्स हेच काम करतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं

लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. काही जण खरेदी दर किंवा मार्जिन 'हिडन' करून फाइल तशीच ग्राहकाला व्हॉट्सॲप करतात. वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबलं की लपवलेलं सगळं समोर! मग भाव करताना तुमच्या हातात काय उरलं?

मोठेही यात सापडलेत. २००४ साली अमेरिकेतल्या एससीओ ग्रुप या कंपनीने डेमलर क्रायस्लरवर दावा लावला. त्या दाव्याच्या वर्ड फाइलमध्ये लपलेला जुना मजकूर निघाला. त्यात प्रतिवादी म्हणून आधी बँक ऑफ अमेरिकाचं नाव होतं.

म्हणून तीन नियम पाळा:

- खरेदी दर कोटेशनच्या फाइलमध्ये नकोच. त्याची वेगळी फाइल ठेवा.
- ग्राहकाला पीडीएफच पाठवा. पाठवण्याआधी ती उघडून कंट्रोल + एफ ने लपवलेला शब्द शोधून बघा.
- वर्ड फाइलच द्यावी लागली तर आधी फाइल > इन्फो > इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवा. पण त्याची कॉपी करून, कारण काढलेला मजकूर परत येईलच असं नाही.

थोडक्यात, ग्राहकानुसार बदलतं ते अटीत टाका. गुपित आहे ते फाइलच्या बाहेर ठेवा.

होमवर्क: आजच तुमच्या कोटेशनमध्ये एक अट लावा, २७ आणि ३६ दोन्ही टाकून दोन पीडीएफ काढा आणि शेजारी ठेवून तपासा. कर आणि वाहतुकीची ओळ दोन्हीत बरोबर आली, तरच ती फाइल धंद्यात वापरा.