समुद्रावरील श्रमजीवी

आपल्या नित्याच्या उपयोगांतील किती तरी वस्तु समुद्र ओलांडून येतात. परंतु त्या आणणारा खलाशी आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो. जगाचा बहुतेक व्यापार आजही जलमार्गानेंच चालतो. तो भार वाहणाऱ्या लोकांचें जीवन पूर्वीं कसें होतें व आज कसें आहे, हें आपण थोडक्यांत पाहूं.

आगबोटींचा काळ आला तेव्हां मुंबई व कलकत्ता या बंदरांतून हजारों हिंदी खलाशी परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर जाऊं लागले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडील पुष्कळ लोक होते. वर सारंग, त्याच्या हाताखालीं टंडेल व खलाशी, आणि तळाशीं भट्टीपुढें आगवाले, अशी त्यांची रचना असे. आगवाल्यांचें काम सर्वांत बिकट. चार चार तासांच्या पाळींत भट्टींत कोळसा लोटावयाचा, निखारे उकरावयाचे व राख काढावयाची. जहाज तांबड्या समुद्रांत शिरलें म्हणजे तेथील उष्मा असह्य होई. असें असूनही त्यांचा पगार गोऱ्या खलाशांच्या पगाराहून पुष्कळच कमी असे. शिवाय नोकरी मिळावी म्हणून मध्यस्थांचे हात ओले करावे लागत. पहिल्या महायुद्धांत बंगाल व आसाम येथील जे ८९६ खलाशी कामास आले, त्यांचें स्मारक १९२४ सालीं कलकत्त्यास उभारण्यांत आलें.

सुधारणा हळूहळू झाल्या. बेसुमार माल लादल्यामुळें जहाजें बुडत. सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या चळवळीनें १८७६ सालीं इंग्लंडांत जहाजाच्या अंगावर भाररेषा काढण्याचा कायदा झाला. पुढें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २००६ सालीं नाविकांच्या हक्कांचा करार संमत केला. तो २०१३ सालीं अमलांत आला व भारतानें २०१५ सालीं स्वीकारला. त्याप्रमाणें चोवीस तासांत निदान १० तास व आठवड्यांत ७७ तास विश्रांति देणें, वेतन दरमहा चुकतें करणें आणि मुदत संपतांच मालकाच्या खर्चानें घरीं पोंचविणें बंधनकारक आहे. सोळा वर्षांखालील मुलास कामावर घेतां येत नाहीं.

तरीही दुःखें सरलेलीं नाहींत, त्यांचें रूप पालटलें आहे. पूर्वीं माल उतरण्यास कित्येक दिवस लागत, व तेवढा वेळ खलाशास किनारा मिळे. आतां यंत्रें मालाचे डबे एक-दोन दिवसांतच उतरवितात, आणि बंदर येऊनही भूमीस पाय लागत नाहींत. मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्याचें व खलाशी तिसऱ्याचे, अशीं जहाजें पुष्कळ. त्यामुळें दाद कोठें मागावी हेंच कित्येकदां समजत नाहीं. २०२० सालच्या साथींत तर बंदरें बंद झाल्यानें सुमारें चार लक्ष नाविक मुदत संपूनही जहाजांवरच अडकून पडले.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. कायदा कागदावर कितीही चांगला असो, भर समुद्रांत त्यावर देखरेख ठेवणारें कोणीं नसतें. म्हणून बंदरांतील तपासणी कडक असली पाहिजे, आणि लोकमतही जागृत असलें पाहिजे. जो दिसत नाहीं त्याचे श्रम विसरणें सोपें असतें. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांस तें शोभणारें नाहीं.