कर्तनयंत्राची जुळणी : आधी कागद ओळखावा, मग पाते लावावे



शैक्षणिक साधने स्वतःच्या हातांनी तयार करण्याची परंपरा आपल्या प्राथमिक शाळांत जुनी आहे. कात्री, पुठ्ठा व खळ एवढ्या साहित्यावर आपल्यापैकी अनेकांनी अंकपट्ट्या, अक्षरकार्डे व नकाशे तयार केले आहेत. अलीकडे काही शाळांत व काही शिक्षकांच्या घरी संगणकाशी जोडून चालणारे लहानसे कर्तनयंत्र आलेले दिसते. आकृती संगणकावर काढावी, कागद चिकट मॅटवर बसवावा, म्हणजे यंत्रातील बारीक पाते ती आकृती कापून देते. हे काम दिसते तितके आपोआप होत नाही. हाती असलेल्या साहित्याला यंत्र कसे जुळवावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

प्रथम माझा अनुभव सांगतो. इयत्ता चौथीच्या मुलांसाठी अपूर्णांकाच्या चकत्या करावयाच्या होत्या. सादिलाच्या रकमेतून कार्डशीट आणली, यंत्राच्या यादीतील ‘कार्डस्टॉक’ हे नाव निवडले आणि चकतीचे आठ समान भाग कापले. छेद पुरता खाली गेला नव्हता. तुकडे उचलताना त्यांची टोके फाटली. मी घाईने पाते खोल केले आणि दाबही वाढवला. आता टोके चुरगळली. वर्ग भरण्याची वेळ झाली होती, म्हणून तेच तुकडे मुलांपुढे ठेवले. एका मुलीने आठही तुकडे नीट मांडले, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “गुरुजी, आठही लावले, पण मधे भोक राहिलं. एवढं कुणाचं?”

प्रश्न बिनतोड होता. आठ अष्टमांश मिळून एक पूर्ण होतो, हे मी फळ्यावर लिहिले होते. माझे साधन मात्र तसे होत नाही असे सांगत होते. मूल साधनावर विश्वास ठेवते. म्हणून साधनाची कड ही केवळ शोभेची बाब नसून पाठाचाच भाग आहे.

१. पाते कसे कापते

या यंत्रातील नेहमीच्या पात्याचे टोक त्याच्या दांड्याच्या बरोबर मध्यावर नसते, किंचित बाजूला असते. त्यामुळे ढकलगाडीच्या लहान चाकाप्रमाणे पाते ओढले जाईल त्या दिशेला आपोआप वळते. सरळ रेषेत व मोठ्या वळणावर याची अडचण येत नाही. परंतु टोकदार कोपऱ्यावर पाते कागदात रुतलेले असतानाच फिरते. ते जितके खोल रुतलेले, तितका कागद अधिक ओढला जातो. चकतीच्या तुकड्याचे टोक आणि अक्षरावरील अनुस्वार हीच म्हणून कसोटीची स्थळे होत.

२. यादीतील नाव व दुकानातील कागद

क्रिकट कंपनीच्या एक्सप्लोअर एअर २ (२०१६) या यंत्रावर कागद, व्हिनाइल, कार्डस्टॉक, पोस्टर बोर्ड अशी नावे असलेली फिरती कळ आहे. २०१७ च्या क्रिकट मेकरमध्ये ती कळ नाही. नावांची यादी संगणकावर दिसते. ही कंपनी अमेरिकेतील यूटा राज्यातील आहे, आणि यादीही तिकडच्या बाजारात मिळणाऱ्या कागदांची आहे. घोटीव कागद, पतंगी कागद, कार्डशीट ही आपली नावे तीत सापडत नाहीत.

तिकडे कागदाची जाडी पौंडांत सांगतात, आणि पौंडाचे मापही कागदाच्या जातीप्रमाणे बदलते. ८० पौंडी ‘टेक्स्ट’ जातीचा कागद सुमारे ११८ ग्रॅमचा, तर ८० पौंडी कव्हरचा कागद सुमारे २१६ ग्रॅमचा भरतो. आपल्याकडे कागद दर चौरस मीटरच्या ग्रॅमवर ओळखला जातो. तेव्हा नावावर न जाता वजनावर जावे.

वजन काढण्याची युक्ती सोपी आहे. ए-४ आकाराचे १६ कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो. म्हणून असे १६ कागद स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवावेत. जितके ग्रॅम भरतील, तोच त्या कागदाचा आकडा. झेरॉक्सचा ८० ग्रॅमी कागद एकटा ५ ग्रॅम भरतो. हे वजन मुलांकडून करवून घेतल्यास क्षेत्रफळाचा व भागाकाराचा एक उत्तम पाठ अनायासे होतो.

३. जुळणीच्या चार गोष्टी

पात्याची खोली : पात्याचे टोक किती बाहेर यावे, ते ही ठरवते. काही यंत्रांत ती हाताने बदलता येते. सिल्हूट कंपनीच्या पात्यावर १ ते १० आकडे असून प्रत्येक आकडा ०.१ मिलिमीटरचा असतो. पाते कागदाच्या जाडीहून किंचितच अधिक बाहेर असावे.

दाब : पाते कागदावर किती जोराने टेकते, ते हा ठरवतो. काही यंत्रांत आकडा द्यावा लागतो; काहींत ‘कमी’ वा ‘अधिक’ एवढेच सांगता येते.

वेग : लहान अक्षरे, अनुस्वार व टोके यांसाठी वेग कमी ठेवावा.

फेऱ्या : जाड कार्डशीट एकाच जोरदार फेरीत कापण्यापेक्षा बेताच्या दाबाने दोन फेऱ्यांत कापणे हिताचे. कोपरे शाबूत राहतात व मॅटही टिकते.

या चार बाबींपैकी एका वेळी एकच बदलावी. मी खोली व दाब एकदम वाढवले, त्यामुळे चूक कोठे होती हे मला कळलेच नाही.

४. चाचणीचा छेद

संपूर्ण कागद कापण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यात सुमारे २ सेंटिमीटरची लहान आकृती कापून पाहावी. ती सोपी नसावी. योजलेल्या कामातील सर्वांत अवघड भागच चाचणीसाठी घ्यावा. चकतीसाठी अष्टमांशाचे टोक, अक्षरांसाठी अनुस्वारासह ‘क्षं’. चाचणीत पुढील तीन गोष्टी पाहाव्यात :

(अ) तुकडा न ओढता सुटतो काय?
(आ) टोक व कड स्वच्छ आहे काय?
(इ) मॅटवर केवळ पुसटशी रेघ उमटली आहे काय?

तिन्ही उत्तरे होकारार्थी आली म्हणजे जुळणी साधली. चिकट व्हिनाइल कापताना मात्र वरचा थर कापला जावा व पाठीचा कागद अखंड राहावा. तेथे पाठीच्या कागदावर चीर पडल्यास दाब अधिक झाला असे समजावे.

५. दोष व त्यांची कारणे

सर्वत्र छेद अपुरा असल्यास दाब एका पायरीने वाढवावा, अथवा एक फेरी वाढवावी. एखाद्याच भागात छेद अपुरा असल्यास दोष बहुधा जुळणीचा नसतो. तेथे कागद मॅटला नीट चिकटलेला नसतो. कोपरे फाटत असल्यास खोली व वेग कमी करावा आणि पाते बोथट झाले आहे काय ते पाहावे. कडेला तंतू सुटत असल्यास पात्यात अडकलेले कण काढावेत. तरीही सुटत असल्यास कार्डशीटच भुसभुशीत आहे असे मानून दुसरी घ्यावी. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो व मऊ पडतो. उन्हाळ्यात साधलेली जुळणी तेव्हा पुन्हा तपासावी.

आकृतीही तपासावी. आठ तुकडे एकमेकांस चिकटून काढल्यास प्रत्येकाच्या दोन कडा धरून मध्यबिंदूशी पाते सोळा वेळा येते, आणि तेथील कागदाचा भुगा होतो. तुकडे सुटे मांडावेत. शब्द कापताना जवळच्या अक्षरांच्या शिरोरेखा संगणकावर एकजीव करून घ्याव्यात, अन्यथा प्रत्येक सांध्यावर छेद पडतो. कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढू नये. मॅट उलटी करून ती कागदापासून सोलावी, म्हणजे कार्ड वाकडे होत नाही.

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतील खरखरीत अक्षरांसाठी काचकागद या यंत्रात घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पाते लवकर बोथट होते. अक्षर कार्डशीटचे कापावे, त्यावर डिंक लावून चाळलेली बारीक रेती भुरभुरावी. बोट फिरवण्यास ते तितकेच उपयोगी पडते.

६. नोंदवही

यंत्राशेजारी एक वही टांगून ठेवावी. तीत तारीख, दुकानातील कागदाचे नाव, वजन, पाते, खोली, दाब, वेग, फेऱ्या व निष्कर्ष असे रकाने आखावेत. चाचणीचा तुकडाही तेथेच चिकटवावा. अयशस्वी चाचणीही नोंदवावी, म्हणजे दुसऱ्या सहकाऱ्याची कार्डशीट वाचते. पाते बदलणे व यंत्र चालवणे शिक्षकानेच करावे. वजन, निरीक्षण व नोंद ही कामे मुलांकडे द्यावीत.

पुढील आठवड्यात मी त्या कार्डशीटचे वजन केले, दाब बेताचा ठेवून फेऱ्या दोन केल्या, वेग उतरवला, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी घेतली. चौथ्या चाचणीत टोक शाबूत निघाले. नव्या चकत्या त्याच मुलीच्या हाती दिल्या. तिने आठ तुकडे मांडले, मध्यावरून बोट फिरवले आणि काहीही न विचारता पुढील उदाहरण सोडवावयास घेतले.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील तीन प्रकारच्या कागदांचे १६ ए-४ तुकड्यांच्या रीतीने वजन काढा.
२. एकच कार्डशीट घेऊन फक्त वेग बदलून तीन चाचण्या घ्या व टोकांत पडलेला फरक लिहा.
३. एका फेरीने व दोन फेऱ्यांनी कापलेले अष्टमांश चकतीवर मांडून पाहा. कोणते पूर्ण बसतात, ते मुलांना ठरवू द्या.