सिस्टर, अजून किती दिवस?

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या वॉर्डात माझी बरीचशी नोकरी गेली. ड्यूटीवर नव्याने येणाऱ्या मुलींना जे सांगते, तेच इथे मांडते आहे.

१. आधी वेदना, मग धीराचे शब्द. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची, कळ उठायची वाट बघायची नाही. सोबत रेचक द्यायचंच, कारण पोट हमखास आवळतं. 'व्यसन लागेल' ही नातेवाइकांची भीती रोज नव्याने काढावी लागते. १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं, की अनेक दवाखान्यांनी त्याचा नादच सोडला. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी खेड्यातल्या माणसाला त्यासाठी आजही शहर गाठावं लागतं.

२. जखमेचा वास हा लहान प्रश्न नाही. तंबाखू-मिश्रीने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात गाल फुटतो, जखम चिघळते आणि घरातलं माणूस पडद्याआड जातं. त्याचं ताट वेगळं होतं, नातवंडं दारातूनच बघून पळतात. औषध महागडं नाही. जखम मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायची आणि मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड वर पेरायची. काही दिवसांत वास उतरतो. एका आजींची नात त्यानंतर त्यांच्या खाटेवर बसून वेणी घालून घ्यायला लागली. आजींनी त्या दिवशी स्वतःहून आरसा मागितला. करुणा म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी आधी ड्रेसिंगचा ट्रे दाखवते.

३. 'निदान एक सलाईन तरी लावा.' हे वाक्य प्रत्येक घरातून येतं. शरीर थांबत आलं की भूक-तहान आपोआप मावळते. बळेच भरवलं तर ठसका लागतो, सलाईनने सूज आणि घशातली घरघर वाढू शकते. पण लेकीला नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, तिच्या हातांना काम लागतं. ओल्या कापसाने ओठ पुसायला, तळपायांना तेल चोळायला तिला बसवते. मग ती सलाईनचं नाव काढत नाही.

४. 'त्यांना काही सांगू नका' असं मुलगा दाराबाहेर सांगतो आणि 'पोराला सांगू नका, खचेल तो' असं वडील आत सांगतात. दोघांनाही सगळं ठाऊक असतं. मी खोटं बोलत नाही आणि घाईने खरंही सांगत नाही. "काका, तुम्हाला काय वाटतंय?" एवढंच विचारते. अशाच एका रात्री एक काका बोलते झाले. त्यांना मरणाची चिंता नव्हतीच. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आणि मेव्हण्याला दिलेले हातउसने पैसे त्यांना मुलाच्या कानावर घालायचे होते. सकाळी मुलाला आत बसवलं आणि मी बाहेर थांबले.

५. पुढे काय होणार ते आधीच सांगून ठेवावं. हातपाय गार पडतील, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, घसा घरघरेल. रुग्णाला कुशीवर वळवलं की घरघर बरीच कमी होते. माहीत नसलं की हेच नातेवाइकांना छळ वाटतं.

६. प्राण गेल्यावर घाई नको. कुणाला तुळशीपत्र आणि गंगाजल हवं असतं, कुणाला कलमा, कुणाला फादर. कागद दहा मिनिटं थांबतात.

७. आमच्याकडे लोक फार उशिरा येतात. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून हे काम करत आहे. तरी 'तिथे मरायला पाठवतात' हा समज जात नाही. (लंडनला १९६७मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स डॉक्टर होण्याआधी नर्स होत्या, हे मी मुलींना मुद्दाम सांगते.) खरं तर ही सेवा निदान झाल्यापासूनच, इतर उपचारांसोबत घेता येते. आणि शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हे धडधाकट असतानाच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये ती पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरते. तो कागद कुठे ठेवला आहे, तेवढं घरच्यांना सांगून ठेवा.