मी प्रार्थना केली होती ना?

रोज रात्री हात जोडून पोराने आजीसाठी प्रार्थना केली, आणि आजी गेली. आता ते विचारतं, "मम्मी, देवाने माझं का नाही ऐकलं?" काय त्रेधा उडते अशा वेळी! गॅसवर दूध, दारात माणसं, आपलेच डोळे सुजलेले. तोंडातून निघून जातं, "देवाला चांगली माणसं जवळ हवी असतात रे."

बोलतो आपण मायेनेच. पण मुलाचं गणित निराळंच चालतं. चांगल्या माणसांना देव नेतो, मम्मीपण चांगली आहे... मग ते रात्री उठून आपल्या नाकापाशी हात धरून बघतं, आणि आपण म्हणतो, "हल्ली फारच चिकटू झालाय."

पोराने असं विचारलं की त्याचा विश्वास डळमळला, अशी आपल्याला धास्ती. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढून बघा. लाजर गेल्यावर मार्था आणि मरीया, दोघीही येशूला हेच ऐकवतात की तू असतास तर भाऊ वाचला असता. सरळ तक्रारच की! तो दोघींनाही दटावत नाही. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडतो. मला तर सगळ्या शास्त्रात याहून धीराचं काही सापडत नाही.

ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोंडं उघडली आणि तिथून बिघडलं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतानाही आपण थेट केडगावच्या मुक्ती मिशनवर जातो. त्याआधी दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पटकीने नवरा. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. आणि 1921 मध्ये तीच मनोरमा आईच्या आधी गेली. मुलांना जड जाईल म्हणून हे गाळतो म्हणे. जड आपल्यालाच जातं. पण एवढ्या मोठ्या बाईच्या घरीही असं झालं, हे कळलं तर पोराची एक टोचणी कमी होते. "त्या दिवशी मी प्रार्थना न करताच झोपलो, म्हणून आजी गेली का?" हे ते सहसा विचारत नाही, मनातच ठेवतं. म्हणून आपणच आपणहून सांगावं, "तुझं काही चुकलं नाही हं."

मंडळीतल्या बायका डबे आणतात, ते घ्यावेत. भांडी राहू द्यावीत सिंकमध्ये आणि पोराशेजारी बसावं. रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हणालं, "देवा, मला तुझा राग आलाय," तर वाक्य न सुधारता आमेन म्हणावं.

प्रश्न काय, येतच राहतात. "स्वर्गात आजीला चष्मा लागेल?" पाळकसाहेबांकडेही याचं उत्तर नसेल. "तुला काय वाटतं?" असं उलट विचारून बघा, जेवण गार होईपर्यंत बोलत बसेल.