मुका प्रिंटर आणि हरवलेला दुभाषा

एखादे यंत्र बिघडले असे आपण केव्हा म्हणतो? कळ दाबली आणि दिवा लागला नाही, चाक फिरले नाही, म्हणजे यंत्र बिघडले. पण दिवा लागतो आहे, चाकही फिरते आहे, आणि तरीसुद्धा यंत्र काम करीत नाही, असे झाले तर काय म्हणायचे?

पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात जामसर हे गाव आहे. त्या बाजूच्या एका शाळेत मी अधूनमधून विज्ञानाचे प्रयोग दाखवायला जातो. एकदा गेलो तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लेसर प्रिंटर पोत्यावर काढून ठेवलेला दिसला. शाळेला एका कार्यालयाकडून दोन वापरलेले, पण त्यातल्या त्यात नवे संगणक मिळाले होते. ते जोडल्यापासून प्रिंटरने छपाई बंद केली होती. चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून आणायला कोणीतरी जव्हारला जात होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, हा आता भंगारातच द्यायचा ना?"

मी उत्तर देण्याआधी दारात उभी असलेली नववीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, त्याचा दिवा तर लागतो!"

तिचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य होते. चला, आपण तेथूनच सुरुवात करू.

बिघाड नेमका कोठे?

प्रयोगशाळेत विद्युत्‌मंडल चालत नसले की आपण काय करतो? सगळेच एकदम बदलत नाही. आधी घट तपासतो, मग तार, मग दिवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. आम्हीही तसेच केले.

प्रथम प्रिंटरला संगणकापासून सोडवले आणि त्याची कळ काही वेळ दाबून धरली. पुष्कळ प्रिंटर असे केल्यावर स्वतःच एक चाचणी-पान छापतात. पान स्वच्छ छापून आले! म्हणजे प्रिंटरचे अंग ठणठणीत होते. मग तार बदलली. फरक पडला नाही. शेवटी कोपऱ्यातला जुना संगणक सुरू करून प्रिंटर त्याला जोडला. छपाई लगेच सुरू झाली.

प्रिंटर चांगला, तार चांगली, नवा संगणकही चांगला. मग दोष कोणाचा? दोष होता दोघांच्या मधल्या जागेत.

दुभाष्याची गरज

दूरच्या पाड्यावरची एक आजी दवाखान्यात येते. ती वारली बोलते. डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात. आजीला दुखणे सांगता येते, डॉक्टरांना औषध देता येते, पण दोघांमध्ये बोलणे होत नाही. मग आजीची नात पुढे होते आणि दोघांचे एकमेकांना समजावून सांगते. नात त्या दिवशी आली नाही, तर उपचार थांबतो. म्हणून कोणी आजीला किंवा डॉक्टरांना निकामी ठरवत नाही.

संगणकात डॉक्टरांच्या जागी असते ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज आणि लिनक्स ही तिची उदाहरणे. संगणकाच्या स्मृतीची वाटणी करणे, फायली सांभाळणे, निरनिराळ्या यंत्रांना कामे सांगणे ही सारी जबाबदारी तिची. पण जगातल्या प्रत्येक प्रिंटरची आणि स्कॅनरची भाषा तिला कोठून येणार? म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नावाचा अर्थ गाडी चालवणारा असा असला, तरी त्याचे खरे काम नातीचे, म्हणजे दुभाष्याचे आहे.

आमच्या प्रिंटरचा दुभाषा जुन्या संगणकावर होता, नव्यावर नव्हता.

जुना दुभाषा नव्या घरी का चालत नाही?

तुम्ही विचाराल, "मग जुना ड्रायव्हर नव्या संगणकावर नेऊन ठेवला की झाले!" आम्हीही तो प्रयत्न केला. प्रणालीने तो नाकारला. ह्याचे कारण समजण्यासाठी थोडे गणित करू या.

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक बाइटला घराप्रमाणे क्रमांक असतो. तो शून्य आणि एक ह्या दोनच अंकांनी लिहितात. अशा ३२ अंकांत, म्हणजे ३२ बिटांत, किती वेगवेगळे क्रमांक लिहिता येतील? २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ह्यालाच आपण ४ जीबी म्हणतो. संगणकांची स्मृती ह्यापुढे वाढू लागली, तेव्हा हे क्रमांक अपुरे पडले आणि ६४ बिटांच्या प्रणाली प्रचारात आल्या.

शाळेचा जुना संगणक ३२ बिटांची विंडोज वापरीत होता, नवा ६४ बिटांची. जुन्या ड्रायव्हरच्या कागदावर घर क्रमांकासाठी ४ बाइटांची जागा आखलेली होती, तर नवी प्रणाली ८ बाइटांचा क्रमांक लिहिते. अर्धा क्रमांक वाचून पत्र टाकणारा पोस्टमन ते भलत्याच घरी टाकणार, हे उघड आहे.

येथे एक शंका येईल. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे साधे प्रोग्रॅम चालतात, मग ड्रायव्हरच का नाही? साध्या प्रोग्रॅमला प्रणाली वेगळ्या खोलीत बसवते आणि त्याच्या प्रत्येक मागणीचे रूपांतर करून घेते. पण यंत्राशी थेट बोलणारा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच काम करतो. तेथे मध्यस्थ नसतो. त्याने एक चूक केली तर सगळा संगणक कोलमडतो. म्हणूनच ६४ बिटांच्या विंडोजमध्ये, व्हिस्टापासून पुढे, गाभ्यात येणाऱ्या ड्रायव्हरवर ओळख पटवणारी संगणकीय सही असावी लागते.

आमच्या प्रिंटरच्या उत्पादकाने ६४ बिटांसाठी नवा ड्रायव्हर लिहिलाच नव्हता. त्या प्रिंटरची भाषाही त्याने जाहीर केलेली नव्हती.

काही यंत्रे मुकी का होत नाहीत?

आता उलट बाजू पाहा. वीस वर्षांपूर्वीचा यूएसबी कीबोर्ड आजच्या संगणकाला लावा. तो ताबडतोब चालतो. का बरे? कीबोर्ड, माऊस, पेन ड्राइव्ह ह्यांनी कसे बोलावे, ह्याचे नियम यूएसबीच्या मानकांत ठरवून सर्वांसाठी प्रसिद्ध केलेले आहेत. भाषा एकच, म्हणून दुभाषाही एकच; आणि तो प्रत्येक प्रणालीत आधीपासून असतो.

बँकेत किंवा दुकानात कर्रकर्र आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तुम्ही पाहिला असेल. अशा अनेक प्रिंटरांची आज्ञाभाषा त्यांच्या पुस्तिकेतच छापलेली असे. एका प्रसिद्ध भाषेत २७ आणि त्यापाठोपाठ ६९ हे आकडे पाठवले की अक्षरे ठळक होतात; २७ आणि ७० पाठवले की पुन्हा साधी. इतके माहीत असले, तर त्या प्रिंटरसाठी नवा दुभाषा कोणीही लिहू शकतो.

आपल्या लिपीची गोष्ट

ह्याचे एक मोठे उदाहरण मराठीच्याच इतिहासात आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर जे काम झाले होते, ते तेथे पुढे नेण्यात आले आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. त्या काळच्या डॉस प्रणालीवरील प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरेच दाखवीत. संगणकाच्या आतल्या खाचेत हे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. काने, मात्रा, जोडाक्षरे जुळवण्याचे काम ते कार्ड करी.

पुढे विंडोज आली आणि अक्षरांची चित्रे प्रणाली स्वतःच काढू लागली. ते कार्ड ज्या प्रकारच्या खाचेत बसे, ती खाचही नव्या संगणकांतून नाहीशी झाली. कार्ड मागे पडले.

पण त्यातली मराठी बुडाली का? नाही! प्रत्येक अक्षराला कोणता क्रमांक द्यावा, ह्याचे 'इस्की' नावाचे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीच्या आधारावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी झाली, आणि आज मोबाइलवरही आपण युनिकोडच वापरतो. इस्कीतील जुनी फाइल कोष्टक पाहून आज युनिकोडमध्ये आणता येते. ह्याउलट, ज्या खासगी फाँटांचे क्रमांक प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवले, त्यांतील मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्या प्रत्येक फाँटासाठी वेगळे कोष्टक शोधावे किंवा बनवावे लागते.

कार्ड गेले, भाषा राहिली. कारण ती सर्वांसाठी लिहून ठेवलेली होती.

मग त्या प्रिंटरचे काय झाले?

आम्ही लिनक्स प्रणाली एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि नवा संगणक तिच्यावरून सुरू केला. अशा रीतीने चालवून पाहताना संगणकाच्या डिस्कवरील विंडोजला हात लावावा लागत नाही. लिनक्सने प्रिंटर ओळखला आणि पान छापून दिले! त्या जातीच्या प्रिंटरांची भाषा काही जिज्ञासू लोकांनी, संगणक कोणते आकडे पाठवतो हे तपासून, शोधून काढली होती. तिचा दुभाषा लिहून त्यांनी तो सर्वांना खुला केला होता. शाळेने मग एका संगणकावर लिनक्स बसवली. प्रश्नपत्रिका आता शाळेतच छापल्या जातात.

परंतु लिनक्स म्हणजे जादूची कांडी नव्हे. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ ह्या प्रोसेसरचा आधार लिनक्सच्या गाभ्याने २०१३ मध्ये काढून टाकला. दुभाष्यालाही कोणीतरी सांभाळावे लागते. भाषा जाहीर असेल, तर ते काम करू इच्छिणाऱ्याला वाट मोकळी असते, इतकेच.

हा प्रश्न एका शाळेचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य संपले. विंडोज ११ ला सुरक्षेसाठी टीपीएम २.० हा घटक आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे अनेक चालू संगणक तिच्या यादीत बसत नाहीत. असे संगणक टाकून देण्यापूर्वी आमच्यासारखी एक तपासणी तरी करावी.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. ड्रायव्हर अनोळखी ठिकाणाहून कधीही उतरवून घेऊ नका. गाभ्यात शिरणारा दुभाषा विश्वासाचाच हवा. आणि साहाय्य संपलेली जुनी प्रणाली एखाद्या यंत्रासाठी ठेवावीच लागली, तर तो संगणक इंटरनेटला जोडू नका.

करून पाहा

१. शिक्षकांच्या परवानगीने शाळेतील संगणकाला जोडलेल्या यंत्रांची यादी करा. कोणते यंत्र जोडताच चालले आणि कोणाला वेगळा ड्रायव्हर लागला, ते लिहा.

२. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखाद्या यूएसबी यंत्राचे तपशील उघडा. हार्डवेअर आयडीमध्ये उत्पादकाचा आणि वस्तूचा असे दोन क्रमांक दिसतील. ड्रायव्हर शोधताना यंत्रावर छापलेल्या नावापेक्षा हे क्रमांक अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक क्रमांक १६ बिटांचा असतो. मग असे किती उत्पादक नोंदवता येतील?

३. शाळेसाठी एखादे यंत्र घ्यायचे असेल, तर किमतीबरोबर दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: ह्याची भाषा जाहीर आहे का?

त्या नववीतल्या मुलीने यादी करायला घेतली आहे. पहिल्या ओळीत तिने प्रिंटरचे नाव लिहिले आणि पुढे शेरा दिला: "बिघडलेला नव्हता."