मोटार जळण्याआधी केबलचा हिशेब मांडा

गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटायच्या वेळी द्यावं लागतं. ते चुकलं तर फुटवे कमी निघतात आणि पुढं कितीही पाणी दिलं तरी ती तूट भरून येत नाही. नेमक्या याच दिवसांत कांद्याची लागण असते, हरभरा पाण्याला आलेला असतो. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली बसतं, मोटारी जळतात आणि रिवाइंडिंगवाल्याकडं रांग लागते. तोवर गहू वाट बघत उभा.

मोटार जळाली की आपण 'लाइट कमी होती' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण दोष लाइनचा की आपल्याच केबलचा, हे दोन आकड्यांवरून कळतं, आणि ते आकडे आपण मोजतच नाही.

माझ्या विहिरीवर 5 एचपीची मोटार आहे. स्टार्टरपेटीपासून विहीर 200 मीटर लांब, मधे तांब्याची अडीच एमएमची केबल. दोन हंगामांत दोनदा मोटार जळाली. तिसऱ्यांदा जळण्याआधी वायरमनला मोटार चालू ठेवूनच मोजायला लावलं. स्टार्टरपाशी 390 व्होल्ट, विहिरीच्या काठावरच्या जोडपेटीत 367, आणि क्लॅम्प मीटरवर प्रत्येक तारेत 9 अँपिअर. वाटेत 23 व्होल्ट गळाले होते.

ओहमचा नियम सांगतो की व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो. तीन फेजच्या मोटारीला त्यात थोडी भर घालावी लागते: 1.73 गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर हा गुणक 1.4 च्या आसपास येतो. म्हणजे 23 भागिले (1.4 × 9), जवळपास 1.8 ओहम. आता केबलचा रोध किती असायला हवा होता? तांब्याच्या 1 एमएम तारेचा रोध 100 मीटरला साधारण 1.8 ओहम असतो. लांबी दुप्पट झाली की तो दुप्पट होतो, एमएमचा आकडा, म्हणजे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, अडीचपट झाला की अडीचपट कमी. हिशेबानं माझ्या केबलचा रोध दीड ओहमच्या आत यायला हवा होता. वरचे 0.3 ओहम आले कुठून?

बांधाशेजारी नांगरानं एकदा केबल तुटली होती. मीच तारांना पीळ देऊन वर टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आतलं तांबं काळं पडलेलं, वरचं प्लॅस्टिक वितळून चिकटलेलं. अँपिअरचा वर्ग गुणिले रोध म्हणजे उष्णतेचे वॉट: 81 × 0.3, सुमारे 24 वॉट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 25 वॉटची डाग द्यायची सळई असते, तेवढी धग प्रत्येक तारेच्या त्या बोटभर सांध्यात, मोटार चालेल तितके तास. मी सांधा काढला आणि 6 एमएमची अखंड केबल टाकली. हिशेबानं तिच्यात 8 व्होल्टच्या आसपास गळती येते.

हा साधा भागाकार केबलला आणि सांध्याला चालतो, चालू मोटारीला नाही. 390 ला 9 नं भागून येणारा आकडा म्हणजे वाइंडिंगचा रोध नव्हे. फिरणारी मोटार स्वतःच विजेला विरोध करत असते. वाइंडिंग तपासायचं तर लाइट पूर्ण बंद करून, तारा सोडवून, मल्टिमीटरनं तिन्ही जोड्या मोजाव्यात. तिन्ही आकडे सारखे हवेत.

मोटार किती वीज ओढते तेही काढता येतं: 1.73 × 390 × 9 × 0.8, म्हणजे सुमारे 4,860 वॉट. एक एचपी म्हणजे 746 वॉट, म्हणून 5 एचपीचं काम 3,730 वॉटचं. उरलेल्याची मोटारीत आणि केबलमध्ये उष्णता होते. 7.5 एचपीपर्यंत वीज मोफत झाल्यापासून ही नासाडी बिलात दिसत नाही, पण रिवाइंडिंगचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच पाणी ओढायला जास्त अँपिअर घेते. 415 व्होल्टला 8 अँपिअर घेणारी मोटार 340 ला 10 च्या जवळ जाते. अँपिअर सव्वापट, पण वाइंडिंगची उष्णता जवळपास दीडपट. अशा वेळी ओव्हरलोड रिले पडतो, आणि आपण त्याचा काटा पुढं सरकवतो. ते करू नका. रिले मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा. तो पडतोय म्हणजे मोटार वाचवतोय.

5 एचपीला स्टार्टरपाशी 2 केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला तर डीपीकडून येणारा प्रवाह एखाद्या अँपिअरनं उतरतो. एकट्यानं बसवून फारसा फरक दिसत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून बसवा, तेव्हा टोकाच्या शेतापर्यंत व्होल्टेज सुधारतं. (स्टार्टरपुढच्या केबलची गळती मात्र त्यानं कमी होत नाही, तिला जाड केबलच लागते.) ऑटोस्विच काढून टाका. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. लाइट येताक्षणी वीस मोटारी एकदम उठल्या तर डीपी कशी टिकेल?

मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या, ओल्या हातानं पेटी उघडू नका. पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवा आणि दर आठवड्याला तारीख, व्होल्ट आणि तिन्ही फेजचे अँपिअर लिहा. माझ्या कागदावर मागच्या पौषात एका फेजचा आकडा अर्ध्या अँपिअरनं वर गेलेला दिसला. जोडपेटीतला एक स्क्रू सैल झाला होता. पाचच मिनिटांत तो आवळला आणि त्याच रात्री गव्हाचं पाणी पूर्ण झालं.