वातश्लैष्मिक ज्वर : प्रसार, प्रतिबंध आणि आपले दायित्व

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला. त्या दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेर भयभीत नागरिकांच्या रांगा लागत. निरोगी आणि बाधित एकाच रांगेत उभे असत. तशीच रांग, लहान प्रमाणात, आपल्या चिकित्सालयात व औषधालयातही असते. म्हणून या विषयाची उजळणी आम्हास अगत्याची वाटते.

निदान : साधा प्रतिश्याय हळूहळू वाढतो व बहुधा नाक-घशापुरता राहतो. इन्फ्लुएंझात अकस्मात ज्वर, तीव्र अंगमर्द, शिरःशूल, शुष्क कास व ग्लानी आढळते. वृद्धांत ज्वर नसूही शकतो.

प्रसार : सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात औपसर्गिक रोगांची कारणे सांगताना स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन व आसन यांचा उल्लेख केला आहे. इन्फ्लुएंझाचा विषाणू खोकल्या-शिंकण्यातील तुषारांतून, तसेच दूषित हातांवाटे पसरतो. लागण झाल्यावर १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात; परंतु रुग्ण त्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस संसर्ग देऊ शकतो.

चिकित्सालयात : खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ज्वर-कासाच्या रुग्णास मुखपट्टी देऊन वेगळे बसवावे. नाडीपरीक्षेपूर्वी व नंतर, प्रत्येक रुग्णागणिक, साबणाने हात धुवावेत. नाडी पाहणारा हातच रोगवाहक ठरणे आपणास शोभणारे नाही.

औषधालयात : प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी आहेत, ती मागितली म्हणून देऊ नयेत. बालकांच्या फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन वर्ज्य आहे. कोणताही काढा वा पोटली 'हमखास प्रतिबंधक' म्हणून विकू नये. अशा भरवशावर रुग्ण गर्दीत वावरतो आणि दोष शास्त्रास लागतो.

संदर्भन : श्वासकष्ट, छातीत वेदना, ओठांवर नीलिमा, भ्रम, बालकाने दूध नाकारणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. गर्भिणी, वृद्ध, मधुमेही व दम्याचे रुग्ण यांच्याबाबत तर लक्षणे सौम्य असतानाच त्वरा करावी. ऑसेल्टामिविरचा उपयोग पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक होतो. विषाणू रूप पालटत असल्याने लस प्रतिवर्षी घ्यावी लागते. रुग्णांच्या सतत सहवासात असणाऱ्या वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी ती स्वतःही घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

रुग्णास वेळीच पुढे पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे. साध्यासाध्यविचार ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे.